घरच्या घरी केस रंगवताना: शेड निवडण्यापासून पहिल्या धुण्यापर्यंत, क्रमाने

लग्नसराई जवळ आली की कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या पार्लरमध्ये दोन तऱ्हेच्या बायका येतात. काही रंग करून घ्यायला, आणि काही घरी केलेला रंग निस्तरून घ्यायला. दुसऱ्यांची तक्रार ठरलेली असते: "वैनी, डब्यावर हाय तसा आलाच नाही की!" मग मी दहा-बारा प्रश्न विचारते. ब्रश फिरवण्यात चूक झालेली क्वचितच निघते. चूक असते दोन दिवस आधीची, नाहीतर गेली दोन वर्षं दर महिन्याला लावलेल्या मेंदीतली. म्हणून या लेखात ब्रश हातात यायला जरा उशीर होणार आहे. मधले टप्पे गाळू नका, आणि त्यांचा क्रमही बदलू नका.

हा लेख ट्यूब किंवा डब्यातल्या पर्मनंट रंगाबद्दल आहे, काळ्या किंवा गडद तपकिरी, थोड्याफार पिकलेल्या केसांसाठी. ब्लीच, अॅश ग्रे, प्लॅटिनम, बालायाज हे घरी करायचे प्रकार नव्हेत. काळ्या केसाला तिथवर न्यायला ब्लीच लागतं, कधी एकापेक्षा जास्त वेळा, आणि केस कधी तुटायला आला हे आरशात आपलं आपल्याला दिसत नाही.

टप्पा १ : केसांची कुंडली लिहा

केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतो. म्हणजे खांद्याखाली आलेल्या केसाचं टोक दोन-अडीच वर्षांचं असतं आणि कमरेपर्यंतच्या केसाचं पाचेक वर्षांचं. त्या टोकाने काय काय सोसलंय ते आठवून कागदावर लिहा. मेंदी लावली होती का? कोणती, सुटी की पाकिटातली? काळा डाय? स्मूदनिंग, केराटिन? शेवटचं कधी?

यातली प्रत्येक गोष्ट निकाल बदलते. आधी काळा डाय असेल तर त्यावर तपकिरी शेड लावून केस तपकिरी होत नाहीत. ट्यूबमधला रंग आधीचा कृत्रिम रंग उचलत नाही, म्हणजे उजळवत नाही. वाढलेली मुळं तेवढी तपकिरी होतात, खालचा भाग काळाच राहतो आणि डोक्यावर टोपी ठेवल्यासारखं दिसतं.

मेंदीचं प्रकरण जास्त नाजूक. शुद्ध मेंदीवर रंग बसतो, फक्त लालसर झाक राहते. पण 'काळी मेंदी' म्हणून मिळणाऱ्या काही पाकिटांत धातूंचे क्षार असतात. त्यांची डेव्हलपरशी, म्हणजे ट्यूबमध्ये मिसळायच्या पेरॉक्साइडशी, गाठ पडली की केस तापू शकतो, हिरवट होऊ शकतो, तुटूही शकतो. आपल्याकडे लोखंडी कढईत मेंदी भिजवायची पद्धत आहे, त्यातून लोहाचा अंशही केसावर येतो. असे केस असतील तर पुढची बटेची चाचणी टाळूच नका.

थांबा : स्मूदनिंग केलं असेल तर मध्ये निदान दोन आठवडे जाऊ द्या. दोन्ही करायचं असेल तर आधी स्मूदनिंग, मग रंग.

टप्पा २ : आधी कट, मग रंग

सध्या मुली लेयर्स, बटरफ्लाय कट, कर्टन बँग्स मागतात. मुलांमध्ये फेड आणि मलेट चालू आहे. कट कुठलाही असो, तो रंगाच्या आधी. जी दोन इंच टोकं कापली जाणार त्यांच्यावर ट्यूब घालवण्यात काय मतलब? शिवाय टोकं सच्छिद्र असतात, रंग जास्त ओढतात आणि काळपट दिसतात. ती गेली की निम्मा प्रश्न तिथंच सुटतो.

फेडवाल्या भावांसाठी एकच गोष्ट: रंग वरच्या केसांनाच करा. कडेचा भाग दोन-तीन आठवड्यांत मशीनखाली जातो.

टप्पा ३ : शेड

डब्यावरचा फोटो बाजूला ठेवा आणि आकडा वाचा. पहिला आकडा गडदपणाचा: १ म्हणजे काळा, ३ गडद तपकिरी, ४ मध्यम तपकिरी, ५ फिकट तपकिरी. ६ वर 'डार्क ब्लाँड' असं लिहिलेलं असतं. ते नाव वाचून काकू लोक डबा परत ठेवतात. खरं तर आपल्या केसांवर ६ ला ब्लाँडपणा कुठून येणार, तो साधा उजळ तपकिरीच दिसतो, आणि तेही केस तेवढा उचलला गेला तर.

टिंबानंतरचा आकडा झाकेचा. बऱ्याच कंपन्यांत .१ म्हणजे अॅश (राखाडी, थंड झाक) आणि .३ म्हणजे सोनेरी. त्यापुढे मात्र एकवाक्यता नाही, एका कंपनीचा तांबूस दुसरीकडे लाल निघतो. म्हणून ज्या कंपनीची ट्यूब घ्याल तिचंच शेड कार्ड बघा, आणि तेही दुकानाच्या ट्यूबलाइटखाली नको, दारात येऊन उन्हात बघा. महाद्वार रोडवर घासाघीस करताना दोन मिनिटं उन्हात उभं राहायला काही लागत नाही.

आता मुख्य गोष्ट. एकच ट्यूब तीन प्रकारच्या केसांवर तीन रंग देते. समजा लाल झाकेची ६ नंबरची शेड घेतली. काळ्या केसावर ती उन्हात गेल्यावर जेमतेम लालसर दिसेल. मेंदीच्या केसावर भडक तांबडी होईल. पांढऱ्या केसावर तर इतकी झळाळेल की रंकाळ्याच्या या काठावरून त्या काठाला ओळख पटावी. काळे, मेंदीचे आणि पांढरे असे तिन्ही एकाच डोक्यावर असतील तर तिन्ही निकाल एकदम मिळतात. चाळिशीनंतरच्या बहुतेक डोक्यांची हीच स्थिती असते.

त्यासाठी मी वापरते ते अंदाज असे:

पांढरे केस थोडेच, म्हणजे पाव भागाच्या आत असतील तर आवडीची शेड सरळ चालते. निम्म्याच्या आसपास किंवा जास्त असतील तर फॅशन शेड, म्हणजे लाल-सोनेरी अशी झाक असलेली, एकटी लावू नका. त्याच नंबरची नॅचरल शेड, म्हणजे नुसता ४ किंवा नुसता ५, निम्मी मिसळा. पांढऱ्याला आधी पाया लागतो, झाक त्याच्यावर.

ब्लीचशिवाय काळा केस एक ते दोन पायऱ्याच वर जातो. मूळ २ किंवा ३ असेल तर ४ किंवा ५ पर्यंतच बघा. ७ ची ट्यूब आणून ७ येत नाही, नारिंगी येतं. काळ्या केसाचा रंग उचलला जाताना खालून आधी लाल, मग नारिंगी निघतो. ती नारिंगी झाक नको असेल तर अॅशचा अंश असलेली शेड घ्या.

त्वचेचं काय? मनगटाच्या शिरा निळ्या की हिरव्या, सोनं शोभतं की चांदी, असल्या चाचण्या सगळीकडे सांगतात. सोन्याची चाचणी कोल्हापुरात निकामी आहे. साज आणि ठुशी घातलेल्या बाईला सोनं शोभत नाही म्हणायची टाप कुणाची? मी दुसरं करते. चेहरा धुवून खिडकीपाशी बसवते, गळ्याशी आधी पांढराशुभ्र आणि मग मोतिया रंगाचा कपडा धरते. पांढऱ्यात चेहरा ताजा दिसला तर थंड तपकिरी, बर्गंडी. मोतियात ताजा दिसला तर सोनेरी, चॉकलेटी, तांबूस. फरक कळलाच नाही तर नॅचरल तपकिरी घ्या, त्यात कुणी फसत नाही.

आणि एक हिशेब आधीच करा: मूळ रंगापेक्षा शेड जितकी उजळ तितकी वाढ लवकर दिसते. मूळ ३ आणि रंग ५ असेल तर महिना-दीड महिन्यात भांगात काळी पट्टी. दर सहा आठवड्यांनी एवढा उद्योग जमणार नसेल तर एक पायरीच उजळ जा.

तपासा : केस खांद्यापर्यंत असतील तर ६० ग्रॅमची एक ट्यूब, दाट असतील तर दीड. कमरेपर्यंत दोन ते तीन. एकाच वेळी, एकाच शेडच्या घ्या. अर्ध्यात संपली म्हणून मुलाला पळवलं आणि दुकानात तो नंबरच नव्हता, असं हमखास होतं.

टप्पा ४ : डेव्हलपर

ट्यूबबरोबर डेव्हलपर लागतो, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. १० व्हॉल्यूम म्हणजे ३ टक्के, २० म्हणजे ६, ३० म्हणजे ९, ४० म्हणजे १२. घरी १० आणि २० एवढेच. मूळ रंगाइतकंच किंवा गडद जायचं असेल आणि पांढरे नसतील तर १०. पांढरे झाकायचे असतील किंवा एक-दोन पायऱ्या उजळायचं असेल तर २०.

"३० ने लवकर होतं ना?" होतं. टाळूही लवकर चुरचुरते. डब्याच्या किटमध्ये डेव्हलपर आधीच दिलेला असतो, तो बदलू नका. ट्यूब आणि डेव्हलपरचं प्रमाण, १ ला १ की १ ला दीड, हे ट्यूबच्या खोक्यावर लिहिलेलं असतं. अंदाजाने ओतलं तर मिश्रण पातळ होतं, कपाळावर ओघळतं आणि पांढरे केस पांढरेच राहतात.

टप्पा ५ : दोन चाचण्या, ४८ तास आधी

हा टप्पा सगळे गाळतात. माझ्याच पार्लरमध्ये हळदीच्या आदल्या रात्री आलेल्या मुलीला मी परत पाठवलं तेव्हा तिची आई माझ्याशी भांडली होती. पण बहुतेक पर्मनंट रंगांत, विशेषतः गडद शेडमध्ये, पीपीडी (पॅराफेनिलीनडायअमिन) किंवा त्याच कुळातलं रसायन असतं आणि काहींना त्याची जोरदार अॅलर्जी येते. दहा वर्षं काही झालं नाही म्हणून अकराव्या वर्षी होणार नाही असं नसतं. जत्रेत हातावर काळ्या मेंदीचा टॅटू काढून कधी फोड आले असतील तर जास्तच सावध राहा, त्यातही पीपीडी असू शकतं.

त्वचेची चाचणी : कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला रंगाचा ठिपका लावा. कसा मिसळायचा आणि किती वेळ ठेवायचा ते पत्रकात असतं, तसंच करा. मग ४८ तास लक्ष ठेवा. खाज, लाली, फोड, सूज यातलं काहीही दिसलं तर तो रंग तुमच्यासाठी नाही. थोडीशीच खाज होती म्हणून पुढे जाऊ नका.

बटेची चाचणी : कंगव्यात अडकलेले केस दोऱ्याने बांधा, थोडं मिश्रण चोपडा आणि पूर्ण वेळ ठेवा. धुवून, वाळवून उन्हात बघा. केस गरम झाला, बुडबुडे आले, हिरवट झाला किंवा ओढल्यावर रबरासारखा ताणला गेला तर थांबा. असं काही झालं नाही तर तुम्हाला तुमच्या केसावरचा खरा रंग आगाऊ कळला. शेड बदलायची असेल तर अजून वेळ आहे.

सावधान : रंग लावल्यावर पापण्या सुजल्या, चेहरा फुगला किंवा श्वास जड झाला तर लगेच धुवा आणि दवाखाना गाठा. घरगुती उपाय करत बसू नका. हा रंग भुवया-पापण्यांना कधीच लावायचा नाही. आणि डबा लहान मुलांच्या हाताला लागेल असा ठेवू नका, पोटात गेला तर जिवावर बेततं.

टप्पा ६ : त्या दिवसाची मांडामांड

तारीख बघूनच ठरवा. लग्न असेल तर कार्याच्या आठवडाभर आधी रंग, म्हणजे सुधारायला जागा राहते. रंगपंचमी, जोतिबाची चैत्री यात्रा किंवा गणपतीची मिरवणूक तोंडावर असेल तर ती होऊन जाऊ द्या, रंग-गुलाल नव्या रंगावर नको.

केस आदल्या दिवशी शाम्पूने धुवा, त्याच दिवशी नको. टाळूवरचं थोडं नैसर्गिक तेल राहिलेलं बरं, चुरचुर कमी होते. वरून तेल मात्र लावायचं नाही. नखाने टाळू खाजवलेली असेल, जखम असेल तर पुढे ढकला.

प्लॅस्टिकचा वाडगा, ब्रश, शेपटीचा कंगवा, हातमोजे, चार क्लिपा, जुना गाऊन, व्हॅसलीन, घड्याळ. स्टीलचं किंवा अॅल्युमिनियमचं भांडं नको. कपाळ, कान आणि मानेच्या कडेला व्हॅसलीन लावा, केसांवर जाऊ देऊ नका, नाहीतर तेवढ्या भागात रंग चढत नाही. आणि नळाला पाणी येण्याची वेळ बघून दोन बादल्या आधीच भरून ठेवा. डोक्याला रंग आणि टाकीत खडखडाट, हे मी स्वतः भोगलंय. शेजारच्या वहिनींनी घागरीने पाणी दिलं होतं.

टप्पा ७ : लावणं

कोरड्या केसांचा गुंता काढा. मधोमध भांग पाडा आणि कानापासून कानापर्यंत दुसरा भांग. चार भाग झाले, चारही क्लिपने बांधा. मिश्रण आत्ता करा, आधी करून ठेवू नका. कालवल्या क्षणापासून त्याचं काम सुरू होतं.

पुढची पद्धत तुमचं काम कोणतं त्यावर ठरते.

फक्त वाढलेली मुळं आणि पांढरे झाकायचे असतील तर जिथे पांढरे सर्वांत जास्त तिथून सुरुवात करा, बहुधा कानशिलं आणि कपाळाची कड. तिथला पांढरा केस चिवट असतो, त्याला पूर्ण वेळ मिळाला पाहिजे. अर्ध्या सेंटीमीटरच्या पातळ पट्ट्या घ्या, दोन्ही बाजूंनी भरपूर लावा, केसात रगडू नका. जुन्या रंगावर ब्रश जाऊ देऊ नका. दर महिन्याला टोकापर्यंत रंग ओढला की वर्षभरात खालचा भाग काळाकुट्ट आणि झाडूसारखा होतो.

सगळे केस मूळ रंगाइतकेच किंवा त्याहून गडद करायचे असतील तर मुळापासून टोकापर्यंत सलग लावा.

सगळे केस पहिल्यांदाच उजळायचे असतील तर क्रम उलटा, आणि इथंच सर्वांत जास्त बिघडतं. टाळूच्या उबेमुळे मुळांशी रंग लवकर चढतो. म्हणून आधी मुळं दोन-तीन सेंटीमीटर सोडून मधला भाग, मग टोकं. पंधरा-वीस मिनिटांनी मुळं. शिकाऊ होते तेव्हा मी मुळांपासून सुरुवात केली होती. मावशीचंच डोकं होतं. वर तांबडा भडक, खाली तपकिरी. मावशी आठ दिवस डोक्यावर पदर घेऊन फिरली.

तपासा : लावून झाल्यावर कंगव्याच्या शेपटीने आडवे-तिडवे भांग पाडा आणि मागची बाजू दुसऱ्या कुणाला तरी बघायला लावा. मानेवरचा आणि कानामागचा भाग हमखास राहतो.

टप्पा ८ : वेळ आणि धुणं

घड्याळ शेवटचा ब्रश फिरल्यावर लावा. बहुतेक रंगांना तीस ते पस्तीस मिनिटं, चिवट पांढऱ्यांना थोडी जास्त. अंतिम शब्द पत्रकाचा. वरून मिश्रण काळं झालं म्हणजे केस रंगला असं नसतं, मिश्रण हवेनेच काळवंडतं. एका बटेवरून ओल्या कापसाने पुसून बघा. उलट तासभर ठेवून रंग जास्त पक्काही होत नाही, केस तेवढा कोरडा होतो.

मुळांचंच काम असेल आणि टोकं फिकी पडली असतील तर शेवटची पाच मिनिटं थोडं पाणी शिंपडून तेच मिश्रण बोटांनी खाली उतरवा. तेवढ्याने टोकं जागी होतात.

धुताना आधी थोडं कोमट पाणी घेऊन फेस येईपर्यंत टाळू चोळा. कपाळावरचे डागही यानेच सुटतात. मग पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. डब्यातला कंडिशनर लावून दोन-तीन मिनिटांनी काढा. उरलेलं मिश्रण झाकण लावून ठेवू नका. पुढच्या वेळी ते कामाचं नसतं, आणि आत वायू साचून बाटली फुटू शकते.

टप्पा ९ : पहिले पंधरा दिवस

दोन दिवस शाम्पू नाही. नंतर सल्फेट नसलेला शाम्पू, आठवड्यातून दोनदा, कोमट किंवा गार पाण्याने. कडकडीत पाण्याने अंघोळ करायची सवय असेल तर डोकं वेगळं धुवा. घरात बोअरचं पाणी असेल तर ते बहुधा जड असतं, केसावर क्षारांचा थर बसतो आणि रंग मंद, केस राठ वाटतो. शेवटचे दोन तांबे फिल्टरच्या पाण्याचे ओता.

धुण्याआधी तासभर खोबरेल लावायला हरकत नाही. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी झीज कमी करतं. पोहायला जाणार असाल तर आधी साध्या पाण्याने केस ओले करा, म्हणजे क्लोरीनचं पाणी कमी शोषलं जातं.

आणि गुलाल. उजळलेला केस सच्छिद्र असतो आणि गुलालाचा गुलाबी रंग त्यात मुरतो. हायलाइट केलेली पोरं मिरवणुकीतून आली की पट्टे गुलाबी होऊन येतात, आणि मग "ताई, काढा की हे" सुरू होतं. जायचंच असेल तर डोक्याला तेल चोपडा, रुमाल बांधा. घरी आल्यावर कोरडा गुलाल आधी झटकून काढा, ओला करू नका.

बिघडलंच तर

फार गडद झालं : वरून उजळ शेड लावू नका, उपयोग होत नाही. पहिल्याच आठवड्यात खोल सफाईच्या शाम्पूने दोन-तीनदा धुवा, थोडं उतरतं.

नारिंगी झालं : आठवडाभर थांबा. मग त्याच नंबरची अॅश शेड १० व्हॉल्यूममध्ये, आधी एका बटेवर.

मुळं भडक, खाली गडद : फक्त मुळांना, खालच्या रंगाशी जुळणारी नॅचरल शेड.

हिरवट झालं किंवा केस ताणला जातोय : घरी काहीही करू नका. जाणत्या माणसाकडे जा आणि टप्पा १ मधला कागद बरोबर न्या.

रसायन नकोच असेल तर

शुद्ध मेंदी आणि नीळ (कपड्यांची नव्हे, इंडिगोच्या पानांची). दोन्ही पाकिटांवर फक्त पानाची पूड आहे ना, ते वाचा. मेंदी एकटी पांढऱ्यावर केशरी-लाल रंग देते, काळी कधीच होत नाही. दहा मिनिटांत काळं करणारी मेंदी दिसली तर त्यात दुसरं काहीतरी आहे. मेंदी लिंबू घातलेल्या पाण्यात रात्रभर भिजवा, दोन-तीन तास लावा, नुसत्या पाण्याने धुवा. नंतर नीळ. ती साध्या कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून कालवा, लिंबू अजिबात नको, आणि पंधरा-वीस मिनिटांत लावायला घ्या. मेंदीसारखी रात्रभर भिजवलेली नीळ मरते. तासाभराने धुतल्यावर केस हिरवट-निळसर दिसले तर घाबरू नका, दोन दिवसांत रंग गडद होतो. नीळ बसलेल्या केसावर पुढे कधी ब्लीच करायला गेलात तर हिरवा निघू शकतो, म्हणून ही नोंदही त्याच कागदावर करा.

त्या कागदावर आजची तारीख, कंपनी, शेडचा नंबर, डेव्हलपर आणि किती मिनिटं ठेवलं तेही लिहा, आणि आरशामागे चिकटवून ठेवा. सहा आठवड्यांनी भांगात पट्टी दिसायला लागली की दुकानात जायच्या आधी तो कागद काढा.